पानतावणे सर पत्रकारितेचेही प्राध्यापक होते

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. यंत्रमागात कामगाराचा हात सापडला तर पेपरात दोन ओळी, त्याही बिननावाच्या. मालकाच्या शोरूमला मात्र चार कॉलम! अशा वेळी मला डॉ. गंगाधर पानतावणे आठवतात.

सर नोकरीने मराठीचे प्राध्यापक. आधी मिलिंद महाविद्यालयात, मग औरंगाबादच्याच विद्यापीठात. पण पीएच.डी.ला विषय घेतला बाबासाहेबांच्या पत्रकारितेचा. 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा. घटनाकार म्हणून पुतळ्यात बसवलेल्या माणसातला संपादक सरांनी मांडला. पत्रकारितेचा जो वर्ग 'दर्पण' आणि 'केसरी'वरच थांबतो, तो अर्धाच शिकवतो.

आणि सर नुसता प्रबंध लिहून थांबले नाहीत. 'अस्मितादर्श' त्रैमासिक त्यांनी जवळपास पाच दशके चालवले. कागद, छपाई, टपाल, थकलेली वर्गणी हे सगळे सांभाळून खेड्यापाड्यातल्या नवख्यांना लिहिते केले. पद्मश्री जाहीर झाली २०१८ मध्ये. त्याच मार्चमध्ये सर गेले.

आमच्या शिफ्टची पोरे पगारावर, पीएफवर मोबाइलवर रोज लिहितात. संध्याकाळपर्यंत ते वाहून जाते. हा मजकूर तपासून छापणारे त्रैमासिक सोलापुरात कुणी काढत असेल, तर पहिली वर्गणी माझी घ्या.