चिंगी बर्लिनला रुळते आहे

चिंगी कोथरूडची, गल्लीतली कुत्री. कानाला नसबंदीची खाच आणि स्वभाव पहिल्यापासून भित्रा. इथे लोक तिची जात विचारतात. मी 'पुण्याची' म्हणून सांगते.

*

तिला इथे आणायला खर्च किती आला, हे सगळे विचारतात. वेळ किती लागला, ते कुणी विचारत नाही. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे पंधरा आकडी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातं आणि अँटिबॉडी मिलिलिटरला ०.५ आययू तरी भराव्या लागतात. पुढे रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने नुसतं थांबायचं. माणसाचा व्हिसा एखादे वेळी लवकर येतो. हे तीन महिने कुणाच्या ओळखीने कमी होत नाहीत.

*

विमानप्रवासाआधी 'झोपेची गोळी देऊन टाक' हा सल्ला जो तो देतो. देऊ नये. गुंगीत श्वास आणि रक्तदाब कधी बिघडेल सांगता येत नाही, आणि विमानाच्या पोटात बघायला कुणी नसतं. बहुतेक विमान कंपन्या गुंगीतलं जनावर घेतच नाहीत. त्यापेक्षा पिंजरा बरेच आठवडे आधी घरात उघडा टाकावा आणि जेवण त्यातच द्यावं. आत न धुतलेली गोधडी. चिंगीची आईच्या जुन्या साड्यांची आहे. तिचा वास इथल्या घरमालकाला सोसत नाही, पण चिंगीला हवा तो तोच.

*

आमच्या जुन्या इमारतीचा लाकडी जिना. चिंगी पहिल्या पायरीवर पुढचे पाय रोवून नखं लाकडात रुतवायची आणि तिथेच थांबायची. झोप आलेली नसताना जांभई, समोर खायला नसताना ओठ चाटणं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं. शेपटी पायात जाते ती फार नंतर; त्याच्या आधीच कुत्रं सांगून मोकळं झालेलं असतं. पायरीवर चीजचा तुकडा ठेवून वाट बघायची. ओढायचं नाही. खालच्या मजल्यावरचे लोक तोवर खोळंबतात, खोळंबू देत.

*

पुण्यात चिंगीला दोनच प्रकारची माणसं माहीत होती, 'यू यू' करणारी आणि 'हाड' म्हणणारी. बर्लिनमध्ये तिच्याकडे कुणी बघतच नाही. भुयारी रेल्वेत कुत्री, हॉटेलात टेबलाखाली कुत्री, कुणाला सोयरसुतक नाही. माणसाला हा कोरडेपणा लागतो, मलाही लागला. भित्र्या कुत्र्याला मात्र याहून चांगलं औषध नाही. तरीही कुणी वाकलंच तर पट्ट्याला पिवळी फीत बांधलेली आहे: 'मला जरा जागा द्या'. ही खूण इथे सगळ्यांनाच ओळखू येते असं नाही, पण कुत्री पाळणाऱ्यांना बहुधा येते.

रेल्वेत मुसकं बांधावं लागतं. बैलाच्या तोंडाला बांधतात ते आठवून आईला वाईट वाटलं. आतून चीज फासलं की चिंगी आपण होऊन तोंड घालते.

*

बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यावर वर्षाला १२० युरो कर आहे. आई फोनवर म्हणाली, "मग सरकार तिला काय देतं?" गळ्यात घालायचा एक बिल्ला, म्हटलं.

*

डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. गावठी कुत्र्याची आखूड केसांची कातडी या थंडीला पुरत नाही. स्वेटर घालावाच, हसणारे हसोत. इथे लोकांना आपल्या दारापुढे बर्फावर मीठ टाकायला बंदी आहे, म्हणून बारीक खडी पसरतात. ती पंज्यात अडकते. घरी आल्यावर दारातच कोमट पाणी आणि चार पंजे.

*

दिवाळी चुकली म्हणून आम्ही खूश होतो. इकडे ३१ डिसेंबर असतो. फटाके विकायला परवानगी वर्षाअखेरच्या तीनच दिवसांची, आणि वर्षभराची हौस सगळे त्या एका रात्रीत भागवतात. मध्यरात्री बर्लिनच्या बाल्कन्यांतून जे चालतं त्यापुढे पुण्याचा लक्ष्मी रोड फिका. न्हाणीघरात खिडकी नाही, तिथे गोधडी टाकली, पंखा मोठ्याने लावला आणि मी शेजारी बसले. 'जवळ घेतलंस तर भीती वाढेल' म्हणणारे असतात. भीती ही काही सवय नव्हे, माया केली म्हणून वाढायला. औषध लागलंच तर डॉक्टरांशी आधी बोलावं. एसीप्रोमाझिन या जुन्या औषधाने शरीर ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते.

विमानतळाभोवती फटाक्यांना बंदी असते, म्हणून काही जर्मन मंडळी त्या रात्री कुत्र्याला घेऊन तिथल्या हॉटेलात जाऊन राहतात. यंदा आम्हीही खोली घेतली आहे.

*

चिंगीला एकटं राहणं अजून जमत नाही. कोथरूडच्या गल्लीत ती एकटी कधी नव्हतीच. सवय व्हावी म्हणून मी किल्ल्या उचलते, परत ठेवते, चहा करते. बूट घालते, सोफ्यावर बसते. किल्ल्या वाजल्या तरी ती आता मान वर करत नाही. दार लागलं की मात्र रडते.

*

न्यावं का, असं विचारणाऱ्यांना: कुत्रं म्हातारं असेल आणि मुक्काम वर्ष-दोन वर्षांचाच असेल, तर त्याला आजी-आजोबांकडे सुखाने राहू द्या. न्यायचंच असेल तर नोकरीचं पत्र हातात पडायची वाट बघू नका, याच महिन्यात सुरुवात करा. आधी चिप, मग लस. चिपच्या आधी टोचलेली लस युरोपात धरत नाहीत.