निरोप आधी

बंगालीतून मराठीत भाषांतर करताना ‘कालबैसाखी’ या शब्दापाशी मी दर वेळी अडते. ‘वळीव’ म्हटलं की मराठी वाचकाला मातीचा वास येतो, गारा वेचणारी पोरं दिसतात. बंगाली शब्दाच्या तोंडीच काळ उभा आहे. चैत्र-वैशाखात दुपार कलली की वायव्येकडून ढग चढतात, वारा सुटतो, विजा पडतात आणि थोड्याच वेळात सगळं निवतं. आसामात अशाच वादळाला ‘बरदैसिला’ म्हणतात. केरळ-कर्नाटकातल्या पूर्वमोसमी पावसाला आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ‘आम्रसरी’ असं गोड नाव आहे. मी मात्र ‘कालबैसाखी’ तशीच ठेवते. त्याचं कारण शब्दकोशात नाही, खरगपूरच्या आमच्या गच्चीवर आहे.

बाबा नागपूरचे. रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात खरगपूरला आले आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. ते हौशी रेडिओवाले, म्हणजे ‘हॅम’. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, स्वतःचं संकेतनाम मिळवायचं आणि तारेवरून नव्हे, हवेतून माणसं गाठायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नाद.

चैत्र लागला की त्यांची गच्चीवरची साफसफाई सुरू होते. चाळीस मीटर पट्ट्यासाठीची अँटेना म्हणजे सुमारे २० मीटर लांबीची तार. ती बांबूंवर ताणलेली असते. वर्षभर उन्हात राहिलेली नायलॉनची दोरी वरून धड दिसते, पण बोटांनी चुरली की भुगा होतो. ती बदलायची. जोडणीच्या डबीत गांधीलमाश्यांनी घर केलं नाही ना, ते काठीने लांबून बघायचं. काम सकाळी आठच्या आत उरकायचं, कारण नंतर गच्ची तव्यासारखी तापते. शिडीवर एकट्याने चढायचं नाही, खाली कुणीतरी हवंच. आणि सगळ्यात आधी डोळ्यांनी मोजायचं, की हा बांबू आडवा कोसळला तर कुठवर पोहोचेल? तेवढ्या टप्प्यात विजेची तार येत असेल, तर बांबू तिथे उभाच करायचा नाही. ओला बांबूही वीज वाहून नेतो.

विजेचे नियम मला शाळेत असल्यापासून पाठ आहेत. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की वादळ दहा किलोमीटरच्या आत आलं, गच्ची सोडायची. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. अँटेनाची केबल मात्र त्याच्याही आधी, आभाळ काळवंडू लागताच सेटपासून काढून घराबाहेर टाकायची. वीज जवळ आल्यावर केबलला हात लावणं हाच मोठा धोका. काही जुने हॅम केबलचं टोक काचेच्या बरणीत सोडून निर्धास्त होत. बाबा हसायचे, “एवढं आभाळ ओलांडून आलेली वीज बरणीला विचारून थांबणार आहे का?”

हे सगळं आम्हा दोघांना ठाऊक होतं. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात आम्ही चुकलो.

बाबांचे नागपूरचे बालमित्र, आमचे काका, तेही हॅम. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचला दोघं भेटतात. त्या दिवशी काका मोठ्या आजारपणानंतर पहिल्यांदाच सेटवर आले होते. आवाज बारीक, मधेमधे दम लागत होता. मी कोलकात्याहून आलेली, शेजारी बसून ऐकत होते. बोलण्यात कडकड मिसळू लागली. रेडिओला वादळ आपल्याआधी कळतं. १८९५ साली पोपॉव्हने जे उपकरण बनवलं, तेही लांबच्या विजा टिपणारंच होतं. बाबांनाही कळलं होतं. पण काका हॉस्पिटलातल्या रात्रींबद्दल सांगत होते, आणि अशा वेळी “थांब, मी बंद करतो” कसं म्हणायचं?

मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते. सत्तावीस. तेव्हाच उठायला हवं होतं. मी बाबांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. मग एकदम बारा. बाबांचा हात केबलकडे गेला.

“बाबा, हात लावू नका!” मी ओरडले. त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि आम्ही खालच्या खोलीत आलो. काकांचा आवाज वर एकटाच चालू राहिला. काही मिनिटांतच सगळं घर पांढरं झालं आणि दिवे गेले.

पाऊस थांबल्यावर बराच वेळाने वर गेलो, तेव्हा खोलीत जळकट वास होता. सेट गेला होता. बाबांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. “तो काय म्हणत होता शेवटी?” एवढंच त्यांनी विचारलं. मला आठवेना.

बाबांचा मोबाईल चार्ज नव्हता. सकाळी वीज आल्यावर काकांचा फोन लागला. “नऊ वाजेपर्यंत सेट लावून बसलो होतो रे. ‘सेव्हंटी थ्री’ न म्हणता तू कधी जात नाहीस.”

सेव्हंटी थ्री म्हणजे शुभेच्छा. तारयंत्राच्या काळापासून चालत आलेला हा आकडा. हॅम मंडळी तो म्हटल्याशिवाय निरोप घेत नाहीत.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट दिसू लागली. सुरक्षेचे नियम माणसं अज्ञानाने मोडतातच, पण भिडेनेही मोडतात. समोरच्याचं वाक्य मधेच तोडायचं कसं, या संकोचात ते सत्तावीसचे बारा सेकंद होतात.

दोघा मित्रांनी यावर आपला तोडगा काढला. जुना दुसरा सेट मिळाला, आणि चैत्र ते ज्येष्ठ निरोप आधी घ्यायचा असं ठरलं. पाचला सेट लागतात, दोघं एकमेकांना ‘सेव्हंटी थ्री’ म्हणतात, आणि मग गप्पा. कुणीही, कुठल्याही शब्दावर निघून जावं. दुसऱ्याने काळजी करायची नाही, रागवायचं नाही.

परवा मी तिथेच होते. खिडकीबाहेर वायव्येला नुसती निळसर रेघ उमटली होती, गडगडाट अजून नव्हताच. काका म्हणत होते, “यंदा संत्र्याला...”

बाबांनी सेट बंद केला, केबल काढली, खिडकीबाहेर सोडली आणि चहा मागितला.