नऊ व्होल्टचा रेडिओ आणि अल्लीपूरची लाइन

सहा मोठे सेल घालून चालणारा जुना रेडिओ आजही काही घरांत शाबूत आहे. सेलचा खर्च परवडत नाही, म्हणून कोणी तरी मोबाइलच्या चार्जरसारखा एक हलका अ‍ॅडॉप्टर आणून जोडतो. रेडिओ चालू होतो, पण नागपूर आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झवर काटा नेला की निवेदकाच्या आवाजाआधी करकर ऐकू येते. या अ‍ॅडॉप्टरच्या पोटातलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं, आणि त्याचा कचरा नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात सांडतो. एफएमवर तो फारसा जाणवत नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपुरात ज्याला नागपूर केंद्र स्वच्छ ऐकायचं आहे, त्याला मग लोखंडी पत्र्यांचा, हातात जड लागणारा जुन्या वळणाचा ट्रान्सफॉर्मरच आठवतो.

ही अडचण एकट्या रेडिओवाल्याची नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत टिपत असतात. त्यांच्या लहरी वेगळ्या असल्या, तरी आसपासच्या विजेच्या उपकरणांचा आणि तारांचा गोंगाट तिथल्या मंडळींनाही छळतोच.

ट्रान्सफॉर्मर घ्यायला दुकानात गेलं की प्रश्न येतो, ‘किती व्होल्टचा देऊ?’ रेडिओ नऊ व्होल्टचा, म्हणून गिऱ्हाईक ९-०-९ मागतो. इथेच फसगत होते. हिशेब करून पाहावा. ट्रान्सफॉर्मरवरचे ९ व्होल्ट हे एसीचे. डायोडमधून जाऊन कपॅसिटरवर जमतात तेव्हा त्यांच्या लाटेचा माथा, म्हणजे १.४१ पट, पावणेतेरा व्होल्टच्या आसपास मिळतो. त्यातले ०.७ डायोड खातो. दर लाटेगणिक कपॅसिटर थोडा रिकामा होतो, त्यात आणखी एखादा व्होल्ट जातो. उरतात अकरा. पुढे ७८०९ हा रेग्युलेटर बसवायचा, तर त्याला नऊ देण्यासाठी साधारण अकराच लागतात. म्हणजे दुकानाच्या काउंटरवर, २३० व्होल्टच्या लाइनवर, सगळं कसं झकास चालतं!

पण गावाकडची लाइन २३० ची राहील, याची हमी कोण देणार? १९५६ च्या वीज नियमांत ग्राहकाच्या दाराशी सहा टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार नको असं लिहिलेलं होतं. म्हणजे २१६ च्या खाली नाही नि २४४ च्या वर नाही. ओलिताच्या दिवसांत, हरभऱ्याला-गव्हाला पाणी सुटलं की, डीपीपासून लांबच्या टोकाला असलेल्या शेतावरच्या घरात बल्ब पिवळा पडतो आणि त्या नियमाचं काय झालं ते कळतं. डीपी हाही ट्रान्सफॉर्मरच, ११ हजार व्होल्ट घेऊन ४३३ देणारा. त्याच्यावर भार वाढला आणि तार लांब असली की वाटेतच व्होल्टेज मुरतं. समजा, प्लगमध्ये १८५ च उरले. मग ९-०-९ चा हिशेब साडेआठच्या जरा वर येऊन थांबतो. रेग्युलेटर हात टेकतो आणि बातम्यांच्या वेळी रेडिओ घुमायला लागतो. १२-०-१२ घेतला असता तर त्याच १८५ वर रेग्युलेटरच्या तोंडाशी बारा व्होल्ट मिळाले असते. ट्रान्सफॉर्मर निवडायचा तो लाइनच्या सर्वांत वाईट तासाचा आकडा धरून. त्याच्या लेबलावरचे २३० ही एक शुभेच्छा समजावी.

उलटं टोकही आहेच. सगळे पंप बंद झाले की लाइन चढते. २६० व्होल्टवर, रेडिओ बंद ठेवलेला असताना, म्हणजे भार नसल्यानं व्होल्टेज आणखी चढलेलं असताना, त्याच ट्रान्सफॉर्मरमागचा कपॅसिटर बावीस व्होल्टच्या घरात जातो. म्हणून ‘बारा व्होल्टला सोळाचा कपॅसिटर पुरे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये. २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. दोन-पाच रुपये जास्त गेले तर गेले.

१२-०-१२ ला तीन तारा निघतात. मधली शून्याची, कडेच्या दोघींवर एकेक डायोड, आणि दोन्ही डायोडांची पट्टीची बाजू एकत्र करून कपॅसिटरच्या अधिक टोकाला. ब्रिज करायचा मोह टाळावा. त्यात करंट एका वेळी दोन डायोडांतून जातो, म्हणजे १.४ व्होल्ट गेले. पडत्या लाइनीत तेवढेही मोलाचे. शिवाय ब्रिजमागे ५०० मिलीअँपिअरच्या वाइंडिंगमधून सुमारे ३०० च काढावेत, हे लेबलावर कुणी छापत नाही. मे महिन्यात वर्ध्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा ट्रान्सफॉर्मर मुळातच तापलेला असतो. वाइंडिंग अ‍ॅल्युमिनिअमचं असेल तर आणखी वाईट: त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा रोध सुमारे १.६ पट. तारेचं टोक ब्लेडनं खरवडलं की लाल की पांढरं ते दिसतंच. पांढऱ्यावर सोल्डरही धड बसत नाही.

तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नये. मीटर ओहमवर लावावा: मेनची बाजू काहीशे ओहम दाखवते, बाराची बाजू दोन-चार. या दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली तर क्षणात धूर. म्हणून पहिल्यांदा लाइन देताना साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालतात. बल्ब विझलेला राहिला किंवा नुसता तांबूस झाला तर ठीक. लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढा. एलईडीच्या जमान्यात हा बल्ब मिळणंच मुश्कील झालंय, त्यामुळे मेकॅनिक तो कापडात गुंडाळून ठेवतात. फेज आधी पाव अँपिअरच्या फ्यूजमधून, मग स्विचमधून न्यायचा. हे सगळं ज्यात बसवलं तो पत्र्याचा डबा आणि ट्रान्सफॉर्मरचं लोखंड थ्री-पिनच्या अर्थिंगला. अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर त्या पिनचा उपयोग नाही, हे उन्हाळ्यात विशेष.

आता सगळं जोडून रेडिओ लावला. दोन स्टेशनांच्या मधे शांत आहे, पण नागपूर लागलं की त्याच्या आवाजाखाली घूंऽऽ असा सूर येतो. काटा हलवला की जातो. नवखा माणूस मोठा कपॅसिटर लावून पाहतो, फरक पडत नाही. दोष गाळणीत नसतोच. मेनची तार अँटेनासारखी नागपूरचे संकेत पकडते, डायोड ते शंभर हर्ट्झच्या तालावर चालू-बंद करतात, आणि तो तालच रेडिओत शिरतो. दोन्ही डायोडांच्या टोकांना ‘१०३’ छापलेला एकेक डिस्क कपॅसिटर, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड, आडवा जोडायचा. तरीही थोडं गुणगुणलंच, तर डबा रेडिओपासून हातभर लांब सरकवायचा, कारण रेडिओतल्या फेराइट रॉडला ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र जवळून लागतं. आणि करकर अजून असेल, तर आधी खोलीतला एलईडी बल्ब बंद करून पाहायचा. त्याच्याही पोटात तसलंच सर्किट असतं.