महानोरांचे शब्द, आशाबाईंचा गळा

आमच्या पिंप्राळ्यात ना. धों. महानोर हे नाव परके नाही; अजिंठ्याच्या अंगाचे त्यांचे पळसखेड काही फार दूर नव्हे. १९६७ च्या ‘रानातल्या कविता’ मी वाचल्या त्या शेतकऱ्याच्या म्हणून. उभे पीक न्याहाळावे तसा हा गडी प्रियेला न्याहाळतो!

पुढे ‘जैत रे जैत’ची (१९७७) गाणी कानी आली. पडद्यावर आमच्या खानदेशची लेक स्मिता पाटील, चाल हृदयनाथांची, गळा आशाबाई भोसल्यांचा. शब्द महानोरांचेच, पण आता न्याहाळणारी बाई होती. लाज आणि हट्ट एकाच श्वासात!

ही गाणी रेडिओवर लागली, की आईचे भाकरी थापणे मंदावे. वडील गेल्यापासून तिने गाणे म्हटले नव्हते. लग्नघरी बायका गाऊ लागल्या, की ही आपली मागे, भिंतीला टेकून. एका संध्याकाळी मात्र तव्याकडे तोंड करून ती आशाबाईंच्या मागोमाग गुणगुणू लागली. मी दारातच थबकलो. पायांतल्या वहाणाही काढल्या नाहीत. चाहूल लागती तर ती थांबली असती.