क्षमा वेगळी, बाकी वेगळी

२०२० सालची संवत्सरी टाळेबंदीच्या काळात आली. प्रतिक्रमण घरीच झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडील क्षमापनेसाठी फोन घेऊन बसले. दरवर्षी ते नातलगांपासून सुरुवात करीत. त्या दिवशी मात्र त्यांच्यासमोर वेगळीच यादी होती. आपल्या पेढीचे ज्यांना देणे होते, त्या तेरा जणांची. पहिला क्रमांक लावण्याआधी ते आईला म्हणाले, "आज मिच्छामि दुक्कडम् म्हणता म्हणता पैशांचेही बोलून घेतो. आजच्या दिवशी कोणी नाही म्हणणार नाही."

आईने फोनवर हात ठेवला. "आज फक्त क्षमा मागा. पैशांचे उद्या बोला, आणि वही समोर ठेवून बोला. पर्वाच्या दिवशी समोरच्याला अडचणीत धरून मागितलेली सूट ही सूट नव्हे."

त्या वाक्याने आमच्या घराची पुढची चार वर्षे ठरवली. आज अनेक व्यापारी कुटुंबे त्याच वळणावर उभी आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

भिवंडीजवळच्या दापोडे येथे आमचे सुताचे भाड्याचे गोदाम होते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरचा हा पट्टा. भातशेतीच्या जागी पाहता पाहता गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. आम्ही गिरण्यांच्या व्यापाऱ्यांकडून सूत उधारीवर घेत असू आणि यंत्रमागवाल्यांना साठ-नव्वद दिवसांच्या मुदतीने देत असू. २०१६ ची नोटाबंदी आणि २०१७ चा जीएसटी यांतून आम्ही कसेबसे सावरलो होतो. मार्च २०२० मध्ये माग थांबले, कारागीर गावी गेले आणि आमची येणी जागच्या जागी गोठली. सहा मागांच्या एका मालकाने तर माग भंगारात वजनावर विकले. त्याच्या नावावरची बाकी वडिलांनी स्वतःच्या हाताने बुडीत खात्यात टाकली. त्याच्याकडे काही उरले नव्हते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते.

बँकेचे कर्ज तारणाचे होते. दुकानाचा गाळा विकून ते फेडले. राहिले विनातारण देणे, एकूण बासष्ट लाख. त्यांपैकी एक्केचाळीस लाख सुताच्या चार व्यापाऱ्यांचे आणि एकवीस लाख नऊ नातलग-परिचितांच्या ठेवींचे. त्या ठेवींमध्ये माझ्या विधवा आत्याचे तीन लाख होते. गाळ्याच्या विक्रीतून उरलेली रक्कम, गोदामातला माल, वसूल होऊ शकलेली येणी आणि आईचे दागिने मिळून चौतीस लाख उभे राहत होते.

वडिलांनी पहिली यादी केली तेव्हा सर्वांत वर होते रोज फोन करणारे व्यापारी आणि सर्वांत खाली आत्या, कारण तिने एकदाही विचारले नव्हते. जो ओरडतो त्याला आधी आणि जो गप्प बसतो त्याला शेवटी, हा पैशाच्या तंगीतला सर्रास चालणारा न्याय आहे. आम्ही ती यादी फाडली. ठेवीदारांना व्याज सोडून पूर्ण मुद्दल द्यायचे, उरलेले तेरा लाख व्यापाऱ्यांना ताबडतोब द्यायचे, आठ लाख हप्त्यांनी फेडायचे आणि वीस लाखांची सूट मागायची, असे ठरले. मात्र कोणाला किती देणार, हे सर्वांना एकाच वेळी कळले पाहिजे, असा आग्रह आमच्या सी.ए.नी धरला. एकाला गुपचूप झुकते माप दिले की बाकीच्यांचा विश्वास उडतो. शिवाय प्रकरण नादारीच्या न्यायालयात गेले, तर असे व्यवहार रद्दही होऊ शकतात. ठाणे जिल्ह्यातील सामान्य व्यापाऱ्याला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे.

ऑक्टोबरमध्ये चारही व्यापारी दापोड्याच्या गोदामात आले. रिकाम्या जागेत खुर्च्या लांब-लांब मांडल्या होत्या. वडिलांनी खातेवही, बँकेचा उतारा आणि येण्यांची यादी पुढे ठेवली. बराच वेळ पाने उलटण्याचाच आवाज येत होता. मग त्यांतले वयाने मोठे शेठ शांतपणे म्हणाले, "शेठ, गेल्या मार्गशीर्षात तुमच्या चिरंजीवांच्या लग्नाला आम्ही जेवून गेलो. त्या दिवशी आमची बाकी उभी होती ना? लग्नाला किती खर्च आला?"

लग्न माझेच होते. अकरा लाख खर्च आला होता. वडिलांची मान खाली गेली. संकट टाळेबंदीने आणले, हे खरेच होते, पण ते संपूर्ण सत्य नव्हते. त्या मांडवाची रोषणाई काही अंशी या चौघांच्या सुतावर झाली होती. मी उठून म्हणालो, "ते अकरा लाख आम्ही सुटीत मागणार नाही. ते मी फेडेन."

सूट वीस लाखांवरून नऊ लाखांवर आली आणि हप्त्यांची रक्कम एकोणीस लाख झाली. मुदत अठ्ठेचाळीस महिने. तिघांनी तिथेच होकार दिला. ठेवीदारांना पूर्ण मुद्दल का, असे एकाने विचारले. त्यांनी नफ्यासाठी माल दिला नव्हता, घरातली पुंजी विश्वासाने ठेवली होती, एवढेच वडील म्हणाले. त्यावर कोणी वाद घातला नाही.

सूट तोंडी ठेवू नये, हे तेव्हा शिकलो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६३ नुसार धनको आपले येणे पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो आणि त्यासाठी त्याला बदल्यात काही मिळावेच लागते असे नाही. तरीही रक्कम, तारीख आणि 'यापुढे मागणी नाही' हे शब्द कागदावर हवेत. पुढच्या पिढीला फक्त वही सापडते, बोलणे सापडत नाही. माफ झालेले व्यापारी देणे आयकरात आपले उत्पन्न धरले जाऊ शकते, तेव्हा कर आधी विचारून घ्यावा. आणि बँकेने कर्ज 'निर्लेखित' केले म्हणजे माफ केले, असा समज करून घेऊ नये. ती बँकेच्या ताळेबंदातली नोंद असते, वसुलीचा हक्क शाबूत राहतो.

त्या दिवसांत मला कविवर बनारसीदासांची आठवण येई. १६४१ मध्ये लिहिलेल्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात त्यांनी आग्र्यातले आपले व्यापारी अपयश लपवलेले नाही. ते एका कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवत होते. एके दिवशी एकांत पाहून त्यांनी त्याला आपण होऊन सांगितले की, माझ्याजवळ काही नाही, यापुढे उधार देऊ नकोस. कचोरीवाल्याने उधारी चालूच ठेवली. पुढे दिवस पालटल्यावर बनारसीदासांनी त्याचा चौदा रुपयांचा हिशेब चुकता केला. आधी कबुली, मग समोरच्याची अनुकंपा आणि शेवटी फेड, असा तो क्रम आहे. आपण बहुधा कबुली गाळून थेट अनुकंपेपाशी जातो.

चौथ्या व्यापाऱ्यांनी सूट दिली नाही. त्यांच्या वाट्याची सूट दोन लाखांची होती. ते म्हणाले, "माफ करणार नाही. मुदत देतो. वहीत नाव राहू दे, जमेल तेव्हा दे." बाकीच्या तिघांना आम्ही हे कळवले आणि त्यांनी हरकत घेतली नाही. तेव्हा ते शब्द मला कठोर वाटले होते.

वडिलांनी सुताची दलाली धरली, मी नोकरी. २०२४ मध्ये शेवटचा हप्ता गेला. आत्याला तिचे तीन लाख सर्वांत आधी पोचले होते. तिने ते मोजले नाहीत, पण पाकीट छातीशी धरून ती बराच वेळ बसून राहिली. तिने का विचारले नव्हते, ते मला त्या क्षणी कळले. विचारले आणि नकार आला, तर भाऊही जाईल, ही तिची भीती होती.

त्या दोन लाखांपैकी ऐंशी हजार अजून बाकी आहेत. मुदत कायद्याप्रमाणे अशा देण्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीच्या आत ऋणकोने लेखी कबुली दिली, तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. कागदावर सही न करता गप्प बसलो, तर एक दिवस कायदाच आम्हाला सोडवेल. म्हणून दरवर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या शेठजींकडे जातो. आधी हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो आणि उरलेल्या रकमेच्या कबुलीवर सही करून देतो. ते चष्मा लावून आकडा वाचतात, कागद वहीत ठेवतात आणि चहा मागवतात.

गेल्या वर्षी त्यांनी विचारले, "दोन फेऱ्या कशाला? एकाच दिवशी दोन्ही का करत नाहीस?"

मी म्हणालो, "आईने तसे सांगितले आहे."