आजोबांसाठी 220 मायक्रोफॅरड

आमच्या हॉबी क्लबमध्ये एक समजूत पक्की आहे. हेडफोन अॅम्प्लिफायर सुधारायचा म्हणजे आउटपुटचा कपॅसिटर डब्यात मावेल तितका मोठा लावायचा. ढोल दणाणला की काम फत्ते! या टर्ममध्ये मी एक किट आजोबांसाठी सुधारायला घेतले आणि मला वेगळा विचार करावा लागला.

आजोबा तोफखान्यात होते. मोठ्या आवाजांनी कान बिघडतात तेव्हा बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपासचे ऐकू येणे आधी कमी होते. मग ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण निसटतात. कोणीतरी बोलत आहे हे आजोबांना कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. म्हणून आकाशवाणीच्या बातम्या ते गल्लीला ऐकू जातील इतक्या मोठ्याने लावतात.

किटमध्ये एलएम386 ही आयसी आणि 9 व्होल्टची बॅटरी आहे. आयसीच्या आउटपुटवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साधारण 4.5 व्होल्ट डीसी कायम असते. ते हेडफोनमध्ये शिरले तर आतली कॉइल तापून जळू शकते. कपॅसिटर डीसी अडवतो आणि आवाज पुढे सोडतो. पण तो लहान असला तर खालचे सूरही अडतात. कुठून अडतात, याचा हिशेब सोपा आहे: 159000 ला ओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागायचे, उत्तर हर्ट्झमध्ये येते.

हेडफोनची प्रत्येक बाजू 32 ओहमची. दोन्ही बाजू समांतर जोडल्या की 16 ओहम. किटमधला कपॅसिटर 100 मायक्रोफॅरडचा, म्हणून उत्तर सुमारे 99 हर्ट्झ. पुरुषाच्या आवाजाचा पाया तिथेच असतो, त्यामुळे निवेदक किरट्या आवाजात बोलत होता. 1000 लावला तर 10 हर्ट्झ. मित्रांचा आग्रह त्याचाच होता. पण आजोबांना कमी पडतात ते वरचे सूर. खालची घरघर वाढवून शब्द आणखी झाकले गेले असते. मी 220 निवडला: 45 हर्ट्झ. आवाज भरीव राहतो, घरघर थोडी कमी होते.

बायपासचे काम निराळे. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, मोठ्या आवाजाला व्होल्टेज डगमगते. म्हणून आयसीच्या सहाव्या पायाशी, अगदी जवळ, 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि त्याच्या जोडीला 100 चा इलेक्ट्रोलिटिक लावला. सातव्या पायावर 10 चा. सगळे इलेक्ट्रोलिटिक 16 व्होल्टचे, धन-ऋण दोनदा तपासून. पहिल्या आणि आठव्या पायामध्ये 10 चा कपॅसिटर टाकला असता तर गेन 20 वरून 200 झाला असता. ती जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली. उरलेले कान सांभाळायला हवेत.

कपॅसिटर बदलून गेलेले कान परत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत आजोबा हेडफोन लावून बसले, तेव्हा आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अहो, आज बातम्या लावल्या नाहीत का?”

आजोबांनी बोट ओठांवर ठेवले. ते ऐकत होते.