कुंथलगिरीचे दोन बंधू

बालाघाटच्या डोंगररांगेत, धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र वसले आहे. वाटसरू हे नाव पेढ्यांमुळे ओळखतात. आपण ते देशभूषण आणि कुलभूषण या मुनींची निर्वाणभूमी म्हणून ओळखतो. प्राकृत निर्वाणकांडातही या शिखराचा उल्लेख आहे. येथे एका भावाचे नाव दुसऱ्याखेरीज कोणी उच्चारीत नाही.

सातव्या शतकातील आचार्य रविषेणांच्या पद्मपुराणात त्यांची कथा येते. राजा क्षेमंकराचे हे दोघे पुत्र बालपणापासून गुरुगृही राहिले. विद्या पूर्ण करून नगरात परतताना गवाक्षातील एका कन्येवर दोघांचीही दृष्टी खिळली. तिच्यासाठी सख्ख्या भावाचा वध करण्याचा विचार दोघांच्याही मनाला शिवला. इतक्यात भाटांच्या स्तुतीतून कळले, की ती त्यांचीच बहीण कमलोत्सवा होय! त्या लज्जेतून वैराग्य उपजले आणि दोघांनी दीक्षा घेतली.

पुढे वनवासातील राम, लक्ष्मण आणि सीता तेथे आले. रामाने मुनींवरील उपसर्ग दूर केला व दोघांना केवलज्ञान झाले. याच पुराणानुसार सीता व भामंडल ही जुळी भावंडे. जन्मतःच दुरावलेला भामंडल सीतेचे चित्र पाहून मोहित झाला होता. जातिस्मरणाने नाते उमगताच तो पश्चात्तापाने पोळला. मुनींची कथा ऐकताना सीतेला आपला भाऊ आठवला नसेल काय?

शेक्सपिअर स्वतः जुळ्यांचा पिता होता. त्याच्या नाटकावरून 1982 साली आलेल्या ‘अंगूर’ चित्रपटात जुळ्यांच्या ओळखीचा घोटाळा आपल्याला हसवतो. पुराणात मात्र ओळख हरवणे म्हणजे मोह, आणि त्याची किंमत भावाचा प्राण. प्रत्यक्षातील एकसारख्या जुळ्यांचेही अंगठ्याचे ठसे वेगळे असतात. बँकेच्या नोकरीत सहीऐवजी अंगठे घेताना मला एकत्व भावनेचे स्मरण होई: गर्भ एक असला, तरी प्रत्येक जीवाचे कर्म त्याचे त्यालाच भोगावे लागते.

तरीही या दोघांनी एकमेकांची साथ सोडली नाही. आपल्या गावोगावी बांधाच्या वितीसाठी, विहिरीच्या पाळीसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे अबोला धरतात. त्यांच्या मनात जे येते, ते या राजपुत्रांच्याही मनात आले होते. फरक एवढाच, की ते वेळीच सावरले.

याच क्षेत्री चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली सल्लेखना घेतली आणि छत्तिसाव्या दिवशी, 18 सप्टेंबर रोजी, देह ठेवला. ती भाद्रपद शुद्ध द्वितीया होती. त्यानंतर तीनच दिवसांनी दशलक्षण पर्व सुरू होते आणि पर्वाअखेर क्षमावाणी येते. यंदा कुंथलगिरीच्या दर्शनास जाणाऱ्यांनी शक्य झाल्यास दुरावलेल्या भावालाही सोबत न्यावे.